देवाच्या मनात असेल तर

मॉलमध्ये अत्तराच्या दुकानावरून जाताना उदाचा वास आला आणि माझं डोकं आजही सणकलं. नव्वदच्या दशकात आखातात, देराच्या आमच्या ऑफिसात हाच वास भरलेला असायचा. तिकडे सांगलीत आई शेवटच्या घटका मोजत होती आणि माझा पासपोर्ट मॅनेजरच्या कपाटात होता.

"साहेब, आज तरी द्या हो," मी हात जोडले.

आपलाच मराठी माणूस. चावी बोटाभोवती फिरवत म्हणाला, "साइट हँडओव्हर झाली की जा. देवाच्या मनात असेल तर भेट होईल. विश्वास ठेव."

आई गेली. मी देवापुढे दिवा लावणं सोडलं, कितीतरी वर्षं त्याच्यावरच दात धरून बसलो.

आता पुन्हा लावतो. देवाच्या मनात तेव्हा काय होतं, मला ठाऊक नाही. पण कपाटाची चावी देवाकडे नव्हती.