निळ्या मक्याची पांढरी लाही

माझ्या ताईच्या सासऱ्यांइतका मनापासून बुचकळ्यात पडणारा माणूस अख्ख्या वर्धा जिल्ह्यात दुसरा झाला नसेल. हिंगणीला त्यांची शेती. सत्तरच्या दशकात बाजारात ओळख झालेल्या एका प्रवाशाने त्यांना लाह्यांच्या मक्याचं मूठभर बी दिलं. त्याच्या डोंगरातल्या गावी पिढ्यान्‌पिढ्या जपलेलं. दाणे लाल, निळे, काळे, मण्यांसारखे. सासऱ्यांनी ते निवडून प्रत्येक रंगाची वेगळी ओळ पेरली. कणसं सोलली, तर एकेका कणसात सगळे रंग. "तू बी बदलवलं काय गा?" त्यांनी शेजाऱ्याला विचारलं. "वारा तुऱ्याचे पराग मिसळवते, बुवा," तो म्हणाला. त्यानंतर कितीतरी दिवस ते बांधावर उभे राहून वाऱ्याकडे संशयाने पाहत.

धाकट्या लेकीचं लग्न ठरलं, तेव्हा त्यांनी व्याह्यांना सांगून टाकलं, की लाजाहोमाला आमच्याकडे रंगीत लाह्या. लग्नाच्या आदल्या दिवशी ताईने कढई ठेवली आणि निळे दाणे टाकले. पांढरी लाही उडाली. लाल दाण्यांचीही पांढरीच. सासऱ्यांनी कढई बदलायला लावली, चूल बदलायला लावली, शेवटी ताईला उठवून स्वतः बसले. मी समजावलं, की रंग वरवरचा असतो, आतला गर पांढराच. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "तुमी म्हनता ते बरोबर हाय, भाऊ," ते म्हणाले, "पण मंग रंग गेला कुठी?"

मांडवात वराकडची मंडळी लाह्यांच्या टोपलीभोवती जमली. सासरे एका हातात निळं कणीस आणि दुसऱ्या हातात लाही घेऊन उभे राहिले. "मी तुमाले रंगीत म्हनलं होतं. यातूनच हे निघालं. कसं निघालं, मले समजून नाई राह्यलं." मग नवरदेवाच्या आजीने कणीस मागून घेतलं, उलटसुलट पाहिलं आणि म्हणाली, "मलेबी नाई समजलं. बसा इथी, दोघं मिळून पाहू." मुहूर्त होईपर्यंत दोघं दाणे सोलत बसली. "पोरगी चांगल्या घरी पडली," असं ते संध्याकाळी ताईला म्हणाले. एवढी एकच गोष्ट त्यांनी खात्रीने सांगितलेली मला आठवते.

ऐंशीच्या दशकात ते गेले. ताईने उरलेलं बी मला दिलं आणि बोरगाव मेघेला घरामागे मी ते लावलं. पहिलं कणीस सोललं, तर त्यातल्या काही दाण्यांना नेमका कोणता रंग म्हणावा, मला ठरवता येईना. घरातल्या प्रत्येकाने वेगळाच सांगितला. कणीस पिशवीत घालून हिंगणीची बस पकडावी असं वाटलं. मी चपलाही घातल्या. मग आठवलं, की तिकडे आता विचारायचं कोणाला.