स्टेशनाच्या भिंतीवरची एक ओळ

शेवंताआत्याच्या माहेरचं बंद स्टेशन बघायला जायचं ठरलं ते एका फोटोमुळे. ग्रामपंचायत त्या इमारतीत अभ्यासिका काढतेय आणि भिंतीवर स्टेशनाचा इतिहास रंगवून घेतेय. आत्यानं माझ्या मोबाईलवर तो मजकूर वाचला आणि म्हणाली, “ह्यात आमचं पानी न्हाई. चल.” सत्तरी ओलांडलेल्या बाईला उन्हाचं नेऊ नये, खरंय. पण आत्याला नाही म्हणणारा अजून जन्मायचाय.

नांदेडहून सकाळी निघालो. लोह्यापर्यंत गाडी छान पळाली. अहमदपूरला स्टँडसमोर भजी आणि चहा, दोघींचे ऐंशी रुपये. तळलेल्या मिरच्या मागून घ्या. एसटीनं येणार असाल तर इथून चाकूरची गाडी धरा, पुढे ऑटो मिळतो. पाणी मात्र घरून न्या.

स्टेशन म्हणजे निजामाच्या काळातल्या दोन खोल्या, दगडी फलाट आणि चौफेर बाभळी. उतारू कमी झाले म्हणून थांबा बंद झाला. गाड्या आता नुसत्या धडधडत जातात. फलाटावरचा नळ गेलाय, त्याचा ओटा तेवढा राहिलाय. आत्या थेट तिथं जाऊन बसली. तिच्या लहानपणी आमच्या बौद्ध वस्तीला गावच्या विहिरीवर पाणी भरू देत नसत. स्टेशनाच्या नळावर कुणी जात विचारत नव्हतं. म्हणून वस्तीतल्या बाया घागरी घेऊन रुळाच्या कडेनं इथवर यायच्या. भिंतीवर मात्र इंजिनाला पाणी कुठून मिळायचं, तेवढंच होतं. मला संताप आला.

रंगकाम बघायला आलेले उपसरपंच भले गृहस्थ. त्यांनी खुर्च्या मागवल्या, चहा दिला.

“मावशी, जुनं कशाला उकरून राहिल्या? आता समदे एकाच टाकीचं पितेत. लेकरं वाचतील ना.”

“लेकरांसाठीच लिव्हा म्हनते.”

“उगं भांडनं लागतील.”

“कुनी हाकललं, त्याचं नाव लिव्हा म्हनले का मी? आमाला इहीर बंद होती, आमी हितून पानी नेलं. एवढंच.”

ते उठून भिंतीपाशी गेले. मग पेंटरला म्हणाले, “खाली जागा हाय का रे?”

“एक ओळ बसंल.”

आत्यानं जागेवरच सांगितली: ‘बौद्ध वस्तीला गावची विहीर बंद होती. वस्ती या नळावर जगली.’ उपसरपंचांनी मान डोलावली. संध्याकाळपर्यंत लिहून फोटो पाठवतो म्हणाले. आम्ही खुशीत परत फिरलो. आत्या तर वाटेत चक्क गाणं गुणगुणत होती.

घरी येऊन हातपाय धुतोय तोवर फोटो आला. अक्षर सुरेख होतं. ‘येथील नळावर काही लोक पाणी भरत असत.’

“ओळ तर आली,” मी म्हणाले. माझंच मला पटत नव्हतं.

आत्यानं चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचलं.

“काही लोक म्हंजे कोन? माझ्या मायला नाव न्हाई? उद्या परत जाऊ. आन रंग वाळंस्तोवर मी तिथून हालनार न्हाई.”

मी किल्ली घेतली आणि पेट्रोल भरून आणलं.