आईच्या फोनवरचं कर्ज

पलूसच्या कॉलेजात मी अकरावीला वाणिज्य शिकवते. पुस्तकातलं कर्ज म्हणजे बँक, तारण, जामीनदार. पोरं मात्र मोबाइलवर झटपट कर्जाच्या भलत्याच जाहिराती बघत होती, म्हणून मी त्यासाठी एक तास वेगळा काढला.

"अनोळखी माणूस काही न विचारता पैसे देतो, तेव्हा तो काय घेतो?" मी विचारलं.

"व्याज," मागून कुणीतरी म्हणालं.

"आणखी?"

तेवढ्यात टेबलावरचा माझा फोन थरथरला. अनोळखी नंबरवरून एका बाईचा फोटो आला होता. मी तिला ओळखत होते. पालकसभेला ती न चुकता यायची. खाली हिंदीत लिहिलं होतं, ही बाई चोर आहे, तिला पैसे भरायला सांगा. तिची मुलगी समोर दुसऱ्या बाकावर बसून माझा प्रश्न वहीत उतरवत होती.

तास कसाबसा संपवून मी तिला स्टाफरूममध्ये नेलं. फोटो बघताच तिनं सगळं सांगून टाकलं. पोलीस भरतीची तयारी चालली होती, पळायला चांगले बूट हवे होते. वडील सैन्यात, लांब. आईकडे मागायचा धीर झाला नाही. मग तिनं आईच्याच फोनवर कर्ज देणारं ॲप घेतलं, आईचं आधार कार्ड आणि फोटो टाकला, आणि फोनमधले नंबर, मेसेज, फोटो, जिथं जिथं परवानगी मागितली तिथं देत गेली.

"फेडले मॅडम. शिष्यवृत्तीचे सगळे भरले. तरी परत मागत्यात. आईला यातलं कायबी ठाऊक न्हाई."

"आजच सांगायचं. मी येते बरोबर."

उसातल्या वाटेनं आम्ही तिच्या घरी पोचलो. आई अंगणातच उभी होती, फोन अंगापासून लांब धरून. बसा म्हणायचंही तिला सुचलं नाही.

"मॅडम, एका माणसाचा फोन आल्ता. पोरगी कंच्या कॉलेजात जाती, कवा सुटती, समदं सांगितलं त्यानं. कोण हाय त्यो?"

मुलगी पायरीवर बसली आणि रडत रडत सांगू लागली. ती सांगत असतानाही फोन वाजत होता, दर वेळी वेगळ्या नंबरवरून. आई तिला मारेल असं मला वाटलं होतं. तिनं फक्त पोरीला हाताला धरून घरात घेतलं आणि मी आत आल्यावर दार लोटून घेतलं, भर दुपारी.

मग आईनं पोरीच्या वडिलांना फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. "एक रुपया बी भरू नका," ते म्हणाले. "पोलिसांत जावा. मॅडम, तुमी संगं जाशीला न्हवं?"

मी गेले. पोलीस ठाण्यातल्या बाईंनी तक्रार घेतली. कॉलेजचं नाव, सुटायच्या वेळा, सगळं त्या ॲपला फोनमधल्या मेसेजांवरूनच कळलं असणार, असं त्या म्हणाल्या. त्यांनी सगळ्या परवानग्या काढून टाकल्या, ॲपही काढलं.

हळूहळू फोन थांबले. पण तोवर त्या लोकांनी आईच्या फोटोत घाणेरडे फेरफार करून तो भावकीत फिरवला होता. एका चुलत्यानं बोलणं टाकलं. अजूनही आई पोरीला एसटीपर्यंत सोडते आणि गाडी सुटेपर्यंत हलत नाही.

मुलगीच एक दिवस म्हणाली, "मॅडम, मी सांगते वर्गात." उभी राहिली आणि सगळं सांगितलं. कुणी हसलं नाही.

सुट्टीत मी स्टाफरूममधून बाहेर आले, तर दारात मुलंमुली उभी होती. दुसऱ्या वर्गांतलीही. एकमेकांकडं न बघता, ज्याचा त्याचा फोन हातात घेऊन.