विश्रामगृहातली गहाळ प्रत

पोलीस सेवेत मी थोडीच वर्षं होते. प्रकृतीच्या कारणाने लवकर निवृत्ती घेतली. त्याचा तपशील इथे नको. पण जळगावच्या एका विश्रामगृहातून गहाळ झालेल्या प्रतीचं प्रकरण अजून मनातून गेलेलं नाही.

विधिमंडळाची एक समिती दौऱ्यावर आली होती. सातपुड्याच्या पायथ्याचं एक गाव तलावासाठी नाल्यापलीकडे हलवायचं होतं. त्यावरच्या अहवालाचा मसुदा समितीपुढे होता. त्याच्या प्रती मुंबईच्या विधान भवनातल्या कागदपत्रांच्या भांडारातून आल्या होत्या. प्रत्येकीवर क्रमांक आणि 'गोपनीय' असा शिक्का. बैठकीत वाटायच्या आणि बैठक संपताच परत गोळा करायच्या. हे काम तिथल्याच वितरण शाखेतल्या एका तरुण सहायकाचं. त्या दिवशी एक प्रत कमी भरली.

तो धावतच ठाण्यात आला. "मॅडम, मी अजून कायम झालेलो नाही. प्रत मिळाली नाही तर घरी बसेन."

गहाळ नोंद घेतली. आमचे हवालदार म्हणाले, "लोकांची मोटारसायकल गेली तर बिचारे महिनाभर चकरा मारतात. कागदाचं नशीब बघा, लगेच गाडी निघाली!"

ती प्रत ज्या सदस्यांकडे होती ते "दिली असेल परत" एवढंच म्हणाले. खबर मिळाली ती फाटकाबाहेरच्या चहावाल्याकडून. व्हरांड्यात थांबलेल्या एक अक्का पिशवीत जाड कागद घालून चोपड्याच्या गाडीत बसल्या होत्या. मसुद्यातल्याच गावच्या त्या. आधीच्या दौऱ्यात समितीपुढे त्यांनी गावाची बाजू मांडली होती.

आम्ही त्यांच्या घरी पोचलो. अक्कांनी पाणी दिलं आणि कागद पाहिलाच नाही म्हणून सांगितलं. अहिराणी मला समजते, बोलायला जीभ वळत नाही. मुळातच मला फार प्रश्न विचारता येत नाहीत. मी जबाब लिहून घेतला आणि अंगठ्यासाठी पॅड पुढे केलं.

"पहिले वाची दाखाड, माय," अक्का म्हणाल्या. "तुम्ही लोके सांगेल एक, लिखतस दुसरं. त्या कागदमा बी..."

त्या थांबल्या. हवालदार तोंड उघडणार होते, त्यांना मी नजरेनेच थांबवलं. चुलीजवळची सून उठली आणि धान्याच्या कोठीमागून प्रत घेऊन आली.

"मी चोरं नही," अक्का म्हणाल्या. "त्या साहेबनी हातमा दिधं. म्हने, देखा, तुमनं नाव शे. मंग ते जेवाले गयात."

ते आत जेवत होते तेव्हा सोबत आलेल्या सुनेने बाहेर मजकूर वाचून दाखवला होता. 'ग्रामस्थ स्थलांतरास तयार आहेत.' अक्का समितीपुढे बोलल्या होत्या ते असं: पहिले पूल बांधा, मंग आम्ही उठसूत. पावसाळ्यात तो नाला ओलांडता येत नाही. म्हणून प्रत त्यांनी घरी आणली. कागदच नसला तर गाव कसं उठवतील, असा त्यांचा हिशेब.

प्रत त्या माझ्याकडे देईनात. ज्याची आहे त्याच्याच हातात देईन म्हणाल्या. संध्याकाळी ठाण्यात त्यांनी ती सहायकापुढे ठेवली. त्याचे डोळे भरून आले.

"तुमना कागद सापडना," अक्का म्हणाल्या. "मनं बोलणं सापडनं का?"

हवालदार हलकेच त्याला म्हणाले, "साहेब, प्रत घ्या अन् मोकळे व्हा."

खरंच होतं ते. प्रती पूर्ण भरल्या असत्या, कुणी काही विचारलं नसतं. पण अक्कांचं म्हणणं अर्ज म्हणून आवक नोंदवहीत घेतलं, तर मसुद्यातलं वाक्य त्यांना कळलं कसं हे विचारलं जाणार, आणि गोपनीय प्रत बाहेर गेल्याचं त्यालाच लिहून द्यावं लागणार होतं. त्याने प्रतीवरचा क्रमांक यादीशी ताडून पाहिला. मग त्याने माझ्याकडे कोरा कागद मागितला.

"सांगा, अक्का. सावकाश सांगा."

अर्ज त्याने वाचून दाखवला, अंगठा घेतला, आपल्या बॅगेतला आवक शिक्का मारला. पुढे त्याच्याकडून खुलासा मागवला गेला आणि त्याचं कायम होणं लांबलं. नोकरी मात्र राहिली. अहवाल सभागृहात गेला तेव्हा 'पुलाचे काम पूर्ण झाल्यानंतर' हे शब्द त्यात होते, हे त्यानेच फोन करून सांगितलं.

ज्याला तक्रार करता येते, त्याचीच हरवलेली वस्तू पोलीस शोधतात. अक्कांचं हरवलेलं वाक्य आमच्या नोंदीत कुठेच नव्हतं. त्यानंतर कुणाच्याही घरी झडतीला गेले की आधी विचारायचे, तुमचं काही गेलंय का? बहुतेक जण नाही म्हणायचे. काही घरांत मात्र झडती बाजूला ठेवून ऐकायला खाली बसावं लागायचं.