आतलं आतच राहायला हवं होतं!

चहाचा कप जरा खाली ठेवा, नाहीतर ठसका लागेल. कारण मी जो घोळ घातलाय ना, तो शहाण्या माणसाला जमणारच नाही!

आमची छोटी कंपनी एक टेक्स्ट एडिटर बनवते. त्यात लोकांना स्वतःचे प्रोग्राम लिहिता येतात, आणि ते चालण्याजोगे करून देणारा कंपायलर पडलाय माझ्या गळ्यात. प्रोबेशन संपत आलेलं. शुक्रवारी क्लायंटला डेमो, त्यावर नोकरी पक्की की घरी, ते ठरणार. आणि घरी, खांदेश्वरला, आईनं अख्ख्या सोसायटीला आधीच सांगून टाकलेलं, "आमची सायली परमनंट झाली!" सांगा, टेन्शन येणार नाही?

त्यात सोमवारी बग निघाला, म्हणजे प्रोग्राममधली चूक. व्हेरिएबल म्हणजे काय हो, नाव चिकटवलेला डबा. एका फंक्शनच्या, म्हणजे प्रोग्रामच्या एका तुकड्याच्या, आतला डबा आतच राहायचा. बाहेर त्याच नावाचा डबा असला तरी त्याला धक्का लागता कामा नये. आमच्याकडे मात्र मी माझ्या डब्यात साखर टाकली की शेजारणीच्या डब्यातलं मीठ गायब! आत 'चाचणी' लिहिलं की बाहेर एडिटरच्या टॅबवरही 'चाचणी'.

मी दुरुस्ती केली, चालवून बघितलं. टॅबवर 'चाचणी'. दुसरी केली. 'चाचणी'! मंगळवार गेला, बुधवार गेला. गुरुवारी डोकंच सटकलं. आतला 'चाचणी' शब्द खोडून मी तिथं लिहिलं, 'म्हात्रे सरांना काही कळत नाही'. म्हात्रे सर म्हणजे आमचे बॉस. चालवलं. टॅबवर काय? 'चाचणी'!

आता शब्दच बदलला तरी जुनाच दिसतोय म्हटल्यावर कुणालाही शंका यावी की नाही? मला नाही आली. मी म्हटलं, बाई गं, बग भलताच खोल आहे!

शुक्रवारी डेमोच्या तोंडावर शेजारी बसणाऱ्या मुकादमला गाठलं.

"बदल सेव्ह करतेस?"

"हो रे!"

"आणि मग कंपाईल?"

कंपायलरवर काम करणारी मी, कंपाईल करायलाच विसरले होते! एडिटर आपला सोमवारचा, दुरुस्तीआधीचा शिळा माल चालवत बसला होता.

धावत मीटिंग रूममध्ये शिरले. "थांबा सर!" म्हणेपर्यंत सरांनी क्लायंटसमोर सगळं नव्यानं कंपाईल केलं होतं. आठवड्याभराच्या दुरुस्त्या पहिल्यांदाच एकदम जाग्या झाल्या आणि एकमेकींच्या उरावर बसल्या. टॅबवर, मेनूवर, जिथं बघावं तिथं मोठ्या स्क्रीनवर झळकलं, 'म्हात्रे सरांना काही कळत नाही'.

सर खांदेश्वरजवळच्याच एका गावचे. भडकले की गावची बोली बाहेर येते.

"कोनी लिवलंय ह्ये?"

"मी, सर... पण ते आतच राहायला हवं होतं!"

क्लायंट हसून लोळायचा बाकी. आता आईला काय तोंड दाखवू?

सर माझी एकेक दुरुस्ती काढून टाकत गेले. शेवटी सोमवारची पहिली तेवढी उरली. कंपाईल केलं. आतलं आत, बाहेरचं बाहेर. एकदम चोख!

म्हणजे काम पहिल्याच दिवशी झालं होतं. पुढचा सगळा आठवडा मी ते मन लावून बिघडवत होते.

सर माझ्याकडे वळले. "नोकरी पक्की हाय तुझी. पन एक अट. पहिली दुरुस्ती केलीस का उठायचं नि सरळ घरी जायचं. कंपनीचं भलं त्यातच हाय!"