पाच घरांचा फकीर

पुण्याहून निघालो तेव्हा आपण फकीर व्हायला चाललो आहोत, हे मी शाळेत कुणालाही सांगितले नव्हते. यंदा मोहरम नाताळच्या सुट्टीत आला, त्यामुळे रजेच्या अर्जात कारण लिहिण्याची आपत्ती टळली.

प्रकरण आईच्या डोळ्यांचे होते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डॉक्टर म्हणाले, आता उशीर कराल तर दृष्टी जाईल. आई म्हणाली, "नवस डोक्यावर ठेवून मी डोळ्याला सुरी लावून घेणार नाही." नवस असा : आधीची दोन मुले गेली, आता होणारे जगले तर ते तिच्या माहेरच्या गावी मोहरमात फकीर होऊन पाच घरी भीक मागेल. ते मूल म्हणजे मी. मला जगून चौतीस वर्षे झाली, टक्कल पडू लागले, आणि फकिरी तशीच राहिली होती.

नगरपर्यंत सुखाने पोचलो. पुढे पाथर्डीकडे जाणारी मोटार लढाईमुळे पेट्रोलऐवजी कोळशाच्या वायूवर चालत होती. करंजीच्या घाटाअलीकडे तिने धाप टाकली आणि तिकीट काढलेल्या आम्हा सर्वांना खाली उतरून तिला ढकलावे लागले. क्लीनर तेवढा आत बसून ओरडत होता, "मास्तर, चष्मा सांभाळा आन जोर लावा!" रस्त्याच्या दोन्ही अंगांना ज्वारी हुरड्यात आली होती. तिच्याकडे पाहत मी मनातल्या मनात हिंदुस्थानी वाक्यांची उजळणी करत होतो.

गावाचे नाव लिहीत नाही. पुढचे वाचून गावकरी रागावतील. तिथली सवारी (मोहरमात बसवतात तो पंजा) सांभाळतात बाबूभाई मुलाणी. पांढरी दाढी, धोतर, डोक्याला पटका. मी पाठ केलेले पहिले वाक्य त्यांना ऐकवले. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले.

"ही कुठली भाषा म्हनायची मास्तर? आमच्या घरातली न्हाई, तुमच्या बी घरातली दिसत न्हाई. मराठीत बोला की."

मी मराठीत नवस सांगितला. त्यांना त्यात काहीच नवल वाटले नाही. सवारीला तेल पाटलांच्या घरचे, पुढच्या अलाव्याला (विस्तवाच्या खड्ड्याला) लाकडे सुताराकडची, आणि आदल्या दिवशी तेल्याचा मुलगाही फकीर होऊन गेला होता. त्यांनी माझ्या गळ्यात हिरवा नाडा बांधला, खांद्याला झोळी अडकवली आणि नियम सांगितले. सवारी उठायच्या आत पाच घरं. दारात एकच हाक. मिळेल ते घ्यायचं. "आन नाव-गाव सांगायचं न्हाई. फकिराला नाव नसतं."

थंडी कडाक्याची होती, म्हणून मी कोट अंगात ठेवला. खिशाला पेन होते. पहिल्या दारात उभा राहून मी "या हुसेन" म्हणालो, पण वर्गात हजेरी घेताना निघतो तसला आवाज निघाला. आतल्या बाईने कोट पाहिला, पेन पाहिले, रिकामी झोळी पाहिली आणि दार लावून घेतले. आतून आवाज आला, "आवं, लेव्हीवाला आलाय! कनगी झाका!"

सरकार त्या दिवसांत शेतकऱ्यांकडून सक्तीने धान्य वसूल करत होते. मी वसुलीचा कारकून नाही हे सांगायचे तर नाव-गाव सांगावे लागणार, आणि तिथे तर नियम आडवा. तोवर बातमी माझ्यापुढे धावली होती. दुसऱ्या घरी कुलूप. तिसऱ्या घरचा म्हातारा स्वतःच पोत्यावर बसला आणि म्हणाला, "घरात दाना न्हाई सायेब," आणि पोते त्याच्याखाली कुरकुरले.

दिवस कलला. सवारीपुढे हलगी सुरू झाली. रिकामी झोळी घेऊन गेलो तर आई आंधळी होईल, असा सरळ हिशेब मला दिसत होता. बाबूभाई शोधत आले आणि कपाळाला हात लावून म्हणाले, "कोट काडा मास्तर. चपला बी. आन लाज इथंच ठिवा."

मी कुडकुडत, अनवाणी निघालो. या वेळी हाक मारली ती खरीच घाबरून मारली, म्हणून ती बरोबर लागली. पाटलीणबाईंनी ज्वारी घातली, सुताराने बाजरी, पोत्यावरच्या म्हाताऱ्याने ओशाळून ओंजळभर हुलगे, कुंभारणीने मीठ. चार घरे झाली.

पाचवे घर आमीनाबूचे. सत्तरीची, काटक बाई. तिने झोळीकडे पाहिलेच नाही, माझ्याकडे पाहिले.

"गोदीचा का रं तू?"

"फकिराला नाव नसतं," मी म्हणालो.

"नाव कोन इचारतंय? नाक सांगतंय की! आन एवढा वाळका कशानं? शाळंतली पोरं खात्यात का काय तुला?"

तिने मला ओट्यावर बसवून चोंगे (गुळाच्या गोड तळलेल्या पोळ्या) खायला घातले आणि चुलीकडे पाहत बोलली. "आमी दोघी एकाच दिशी नवस बोललो. गोदीचा तू ऱ्हायलास. माझा चालाय लागायच्या आत गेला. पोराला घिऊन आली तर मला वाईट वाटंल, म्हनून ती आलीच न्हाई. येडी कुठली! मला तर बघायचंच हुतं तुला. दरसाल मोहरमात दारात बसते मी." मग तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवून बोटे कडाकडा मोडली आणि झोळीत गहू घातले. मला रडू आले. नियमात त्याला बंदी नव्हती.

सवारी उठली तेव्हा मी पाटलांच्या आणि बाबूभाईंच्या मधोमध उभा होतो. दोघेही मला चालण्याची पद्धत शिकवत होते, आणि दोघांची पद्धत वेगळी होती.

पुण्याला आलो तेव्हा आईने झोळी मांडीवर घेऊन दाणे चाचपले. मला वाटत होते, मोहरमाला जाणे तिने एवढी वर्षे टाळले ते कामांमुळे. शिकल्यासवरल्या मुलाला आईतले किती थोडे कळते, याची मला लाज वाटली.

"आमीना काय म्हणाली?" तिने हळूच विचारले.

मी सगळे जसेच्या तसे सांगितले, 'येडी' सुद्धा. आई हसली, मग बराच वेळ पदराने डोळे पुसत राहिली.

"उद्याच डॉक्टरांकडे चल," ती म्हणाली. "पुढच्या मोहरमात मी जाणार आहे. मला तिला बघायचंय."