सोयराबाईंचा टॉवेल रॉड

आमच्या महादेवपुऱ्याच्या अपार्टमेंटात कुणाच्या घरी काय शिजतंय ते लिफ्टमध्ये कळतं, आणि कुणाच्या घरी काय करपलंय ते माझ्याकडे कळतं. मी विचारायला जात नाही कुणाला. लोक येऊन सांगतात, मी फक्त चहा ठेवतो. त्यामुळे वरच्या मजल्यावरच्या विठोजी लाडांच्या बाथरूममधला टॉवेल रॉड पुन्हा निघाला ही बातमी त्यांच्या सुनेच्या आधी मला असायची.

विठोजी म्हणजे आमच्या जुन्या बेंगळुरू मराठ्यांपैकी. यांचे पूर्वज कुणाच्या तरी फौजेबरोबर खाली आले आणि परत जायचं विसरले. घरातली मराठी अशी, की पुण्याच्या माणसाला अर्धी कळावी आणि उरलेल्या अर्धीचं हसू यावं. शिवानी सून म्हणून पुण्याहूनच आली, तिला वर्षभर हसू येत होतं. मग तीही 'बरं'च्या जागी कानडी 'सरी' म्हणायला लागली.

विठोजी जन्मभर सरकारी कारखान्यात फिटर होते. त्यांनी आवळलेला नट दुसऱ्या कुणाला सुटत नसे. सुपरवायझर त्यावरून शिव्या देई, आणि तो सोडवायला परत विठोजींनाच बोलावी. असा माणूस एका टॉवेल रॉडपुढे हरतो म्हटल्यावर मी गप्प कसा बसणार? जिन्यात भेटले की मी विचारायचोच.

"काय विठोजीअण्णा, रॉड आज आत की बाहेर?"

"आत आहे. स्वल्प हलतो."

"हलू दे की थोडा. आपण नाही का हलत?"

"आपल्याला धरून कोण उठतंय, मानसिंगराव?"

खरी गोष्ट ती होती. त्या रॉडला धरून त्यांच्या पत्नी सोयराबाई उठायच्या. त्यांना लकवा होऊन गेला होता. बोलणं परत आलं, किंबहुना पहिल्यापेक्षा धारदार परत आलं. वॉकर घेऊन बाथरूमपर्यंत जाणंही जमायला लागलं. अडायचं ते कमोडवरून उठताना. उजव्या हाताला भिंतीवर टॉवेल रॉड होता, त्याला धरून त्या स्वतःला ओढून घेत. आता टॉवेल रॉडचा जन्म टॉवेल झेलायला. फार तर ओला टॉवेल. सोयराबाई काही ओला टॉवेल नव्हेत, त्यांच्या लग्नातली माणसं अजून सांगतात की नवरदेवापेक्षा नवरी भारी दिसत होती.

म्हाताऱ्यांसाठी जाड हँडल मिळतं, ते का नाही लावलं, असं तुम्ही विचाराल. डॉक्टरांनी विचारलं, मी विचारलं, शिवानीनं तर चकचकीत स्टीलचं आणून टेबलावर ठेवलं. सोयराबाईंनी त्याच्याकडं मेलेल्या पालीकडं बघावं तसं बघितलं.

"ते आसपत्रीतलं माझ्या घरात बेडा, नको म्हणजे नको. उद्या हळदीकुंकवाला बायका येतील. हात धुवायला आत जातील, आणि बाहेर येऊन एकमेकींकडं बघतील. त्या बघण्यापेक्षा पडलेली बरी."

हँडल माळ्यावर गेलं.

बरं, विठोजींनी उचलावं, तर तेही नाही. या घराण्यात झोपेत बायकोचा पाय नवऱ्याच्या उशीला लागला तरी ती उठून नमस्कार करायची. नवऱ्यानं बायकोचं असलं काम केलं तर ते पाप बायकोच्या माथ्यावर, असं सोयराबाईंच्या सासूनं त्यांच्या डोक्यात घातलेलं. विठोजींनी आवळलेले नट सुटत नसत, तसंच हे. घरी कामाला एकामागून एक दोन बायका ठेवून पाहिल्या. सोयराबाईंनी दोघींना पळवून लावलं. ज्या घरात जन्मभर हुकूम केला तिथं परकी बाई धुते-पुसते आणि सून बघते, हे त्यांना सोसेना.

मुलगा यशोवर्धन भला आहे. सॉफ्टवेअरमध्ये आहे, तरी भला आहे. त्यानं एकदा आईबापाला समोर बसवून सांगितलं, "आई, तुझं तू जातेस तोवर काही प्रश्नच नाही. ज्या दिवशी जमणार नाही, त्या दिवशी येलहंक्याला ती म्हाताऱ्या माणसांची जागा आहे, नर्स असतात, तिथं बघावं लागेल. आम्ही दोघं काही रोज दिवसभर घरात नसतो." त्यात चूक काही नव्हतं. पण तेव्हापासून सोयराबाईंचं घरातलं राहणं त्या रॉडला टांगलं गेलं. विठोजींना ते पक्कं माहीत होतं, म्हणून त्यांचा पेचकस हातातून खाली उतरत नसे.

पहिल्यांदा त्यांनी स्क्रूच्या भोकात काडेपेटीच्या काड्या कोंबल्या. चार दिवस टिकलं. मग पांढरं सिमेंट भरलं. मग जुन्या स्टुलाचा पाय तासून लाकडी गट्टू ठोकले. पण भिंत त्या नव्या हलक्या ब्लॉकांची. खिळा मारला तर पावात सुरी जावी तसा जातो आणि तसाच बाहेर येतो. "ही भिंत नाही, भिंतीचं चित्र आहे," विठोजी म्हणायचे. पुन्हा रॉड वाकडा लोंबायचा, सोयराबाई आत बसून राहायच्या, शिवानी धावत जाऊन उठवायची, आणि संध्याकाळी यशोवर्धन म्हणायचा, "अप्पा, रॉड निघाला म्हणून आई अडकली. तो एकदा नीट करा ना!"

म्हणजे बघा, घरात दोष द्यायला कुणीतरी होतं. सुनेला द्यावा लागत नव्हता, मुलाला द्यावा लागत नव्हता, सोयराबाईंच्या हाताला तर नव्हताच नव्हता. रॉड सगळं ऐकून घ्यायचा.

शेवटी विठोजींच्या डोक्यात कारखाना जागा झाला. एका सकाळी त्यांनी लांब ड्रिल लावून भोक भिंतीच्या आरपार काढलं. भिंतीच्या पलीकडे हॉल. हॉलमध्ये शिवानी घरूनच ऑफिसच्या मीटिंगला बसलेली. पाठीमागं भिंत, भिंतीवर तिच्या लग्नाचा फोटो. मीटिंगमधला कुणीतरी म्हणाला, "शिवानी, तुझ्यामागून काहीतरी येतंय." ती वळते तर नवरदेवाच्या फेट्याशेजारून ड्रिलचं टोक गरगरत बाहेर आलेलं आणि तिच्या कीबोर्डवर भुगा!

"बाबा! अहो, हा हॉल आहे! रॉड बाथरूममध्ये ना, मग त्याची शेपटी इकडे कशाला?"

"भिंतीवर भरवसा नाही, पोरी," आतून विठोजी ओरडले. "तिला मधे घ्यायची आणि दोन्हीकडून आवळायची. मग तिला बोलायला जागा राहत नाही."

"तुमच्या घरात कुणाला बोलायला जागा असते?" असं म्हणून तिनं मीटिंग बंद केली. पण मग तीच बोल्ट धरायला उभी राहिली, हेही सांगितलं पाहिजे. हॉलच्या बाजूला लोखंडी पट्टी, त्यावर वॉशर, नट. तिकडे आत नवा जाड रॉड. दोन टाइल्स तडकल्या, त्यांच्याकडे कुणी बघितलं नाही. मला बोलावणं आलं. मी रॉडला लोंबकळून बघितलं, शिवानीनं दोन्ही हातांनी हिसके दिले, यशोवर्धननं ऑफिसातून आल्याबरोबर बूट न काढता ओढून बघितला. हॅट्! रॉड हलला नाही. विठोजी त्या दिवशी असे हसत होते, की त्यांना इतके दात शिल्लक आहेत हे मला पहिल्यांदा कळलं. मी म्हटलं, "आता बिल्डिंग पडली तरी तुमचा रॉड उभा राहील." सोयराबाई खुर्चीत बसून सगळं बघत होत्या. सगळ्यांनी रॉड ओढून बघितला, त्यांनी तेवढा हात लावला नाही. हे आमच्या कुणाच्या तरी लक्षात यायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या आत गेल्या. विठोजी दाराबाहेर उभे, नेहमीसारखे, भिंतीकडं तोंड करून. पूर्वी रॉड करकरायचा, म्हणजे ही उठली, असं त्यांना कळायचं. आज करकर नाही. रॉड पक्का आहे, करकरणार कशाला, असं म्हणून ते खूश होऊन उभे राहिले. बराच वेळ गेला.

"झालं का?"

त्यांनी दारावर टकटक केली.

"अगं, झालं का?"

"रॉड हलत नाहीये," आतून आवाज आला.

"मग चांगलंय की!"

"तो हलत नाही आणि मी पण हलत नाही."

विठोजींना कळेना. मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, "हात धरत नाही हो. बोटं मिटतात आणि सुटतात. किती दिवस झाले."

हे मला विठोजींनी माझ्याच स्वयंपाकघरात बसून सांगितलं, चहा न पिता. फिटर माणूस, त्यांना एका क्षणात सगळं दिसलं. रॉड सैल होता म्हणून ती अडकत नव्हती. ती उठू शकत नव्हती, अर्ध्यातून मागं आपटत होती, त्या हिसक्यानं रॉड सैल होत होता. दुरुस्ती करायची ती वस्तू भिंतीत नव्हतीच.

"मी आत येऊ?" त्यांनी दारातून विचारलं.

"नको."

"डोळे मिटून येतो."

"डोळे मिटून काय उचलणार? दोघं पडू."

"मग उघडे ठेवून येतो. सोयरा, ऐक माझं—"

"या वयात माझ्या डोक्यावर पाप घालू नका. शिवानीला बोलवा."

त्यांचा हात दारावर होता. कडी आतून लावलेली नव्हतीच. पडलं-झडलं तर म्हणून ती लावायची नाही असं केव्हाच ठरलं होतं. नुसतं ढकलायचं. पण त्यांनी ढकललं नाही. शिवानीला हाक मारली.

शिवानीनं उठवलं, बाहेर आणून बसवलं. विठोजी घाईघाईनं म्हणाले, "उंचीचा फरक असेल. मी आणखी एक खाली बसवतो. जरा बारीक, म्हणजे मुठीत—"

"नट आवळले तर माझी बोटं आवळतील का?" सोयराबाई म्हणाल्या. मग सुनेकडं वळून म्हणाल्या, "यशूला सांग, येलहंक्याला फोन कर म्हणावं."

फोन नंबर यशोवर्धनकडे केव्हाचा होता, पण तो लावताना पोरगं रडलं. खाली कट्ट्यावर लगेच सुरू झालं, सुनेनं सासूला हाकलली. मी खरं काय ते सांगितलं. कुणाला आवडलं नाही. खऱ्याला चव नसते, आणि ती घालायची इच्छा मला या वेळी झाली नाही.

एकदा मी विठोजींबरोबर येलहंक्याला गेलो. बायकांच्या बाजूला पुरुषांना आत सोडत नाहीत, व्हरांड्यात बसायचं. एक तरुण नर्स सोयराबाईंना चाकाच्या खुर्चीतून घेऊन आली, "अज्जी, तुमचे पाहुणे" असं काहीसं कन्नडमध्ये म्हणाली आणि बाजूला उभी राहिली.

"जेवलात का?" सोयराबाईंनी नवऱ्याला विचारलं.

"जेवलो. तुला इथं त्रास नाही ना होत? उठायला-बसायला?"

"नाही. ही पोर काखेत हात घालते आणि उचलते. विचारत सुद्धा नाही."

"मी पण तसंच—"

"तुमचं वेगळं," त्या म्हणाल्या. "इथं मी कुणाची बायको नाही, कुणाची सासू नाही. कुणी उचललं तरी चालतं."

विठोजींनी काहीतरी उत्तर दिलं असावं, त्यांचे ओठ हलले. पण तेवढ्यात जवळच्या वायुदलाच्या तळावरून विमान उठलं आणि व्हरांड्यात दुसरा आवाजच राहिला नाही. ते जाईपर्यंत दोघं वर बघत बसले. आवाज ओसरल्यावर सोयराबाईंनी विचारलं, "काय म्हणालात?"

"काही नाही," विठोजी म्हणाले. "सरी."

मग सोयराबाईंनी त्या मुलीला खूण केली, आणि तिनं खुर्ची वळवली.